पहाटेच्या भरतीला जेट्टीवर: पहिल्यांदा मासे गरवायला जाणाऱ्यांसाठी

कोकणातल्या एखाद्या जेट्टीवर पहाटे गरवायला जायचं मनात आलं की बहुतेक जण आधी रॉड विकत घेतात. माझं सांगणं वेगळं आहे. आधी घरातली दिनदर्शिका काढा आणि तिथी बघा. रॉड साधा असला तरी चालतो, नुसता हातदोर असला तरी मासा गावतो. पण पाणी चुकीच्या वेळेचं असेल तर महागड्या रिळाचाही काही उपयोग होत नाही. या लेखात मी वेळेबद्दल सामानापेक्षा जास्त बोलणार आहे, कारण नवीन माणूस रिकाम्या हाताने परततो तो बहुतेकदा वेळ चुकल्यामुळे. उदाहरणं रत्नागिरीच्या आसपासची आहेत, पण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत थोड्याफार फरकाने सगळीकडे लागू पडतील.

तिथीवरून भरती

किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ पाऊणकीवर काढतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. दिवसात दोन भरत्या येतात, त्यांच्यात साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं, म्हणून सकाळची वेळ कळली की संध्याकाळचीही कळते.

हा ठोकताळा आहे. प्रत्यक्षात तासाभराचा फरक पडू शकतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेत आधी आणि उत्तरेत नंतर येते, त्यामुळे वेंगुर्ल्याची आणि मुंबईची वेळ एक नसते. अंदाज पाऊणकीवर बांधा आणि जायच्या आदल्या दिवशी आपल्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा. नौदलाचं डेहराडूनचं जलसर्वेक्षण कार्यालय दरवर्षी असे तक्ते छापतं, आणि मोबाइलवरही ते सहज मिळतात.

आता यातून निघणारी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे उधाणाला, पूर्ण भरती भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. म्हणजे उधाणाच्या दिवशी पहाटे नेहमी ओहोटी असते. उलट अष्टमीच्या आगेमागे भांग असतो. तेव्हा पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ हलकी असते, गढूळपणा कमी असतो, आणि भरती येते ती बरोबर सकाळी. नवशिक्याला यापेक्षा चांगला योग नाही. मी पहिल्या खेपेसाठी अष्टमी ते एकादशी याच तिथी सांगतो. पंधरवड्यातून एकदा असे तीन-चार दिवस येतात. त्यात रविवार पडला तर तो सोडू नका.

का, तेही सांगतो. पाणी चढायला लागलं की जेट्टीच्या खांबांना चिकटलेली कालवं, शेवाळ, लहान खेकडे पाण्याखाली जातात, आणि ते खायला मासे बाहेरच्या खोल पाण्यातून आत येतात. भरतीचे शेवटचे दोन-अडीच तास आणि पाणी फिरल्यावरचा पहिला तास, एवढीच खरी कामाची वेळ. तिच्यात जर उजाडायची वेळ मिसळली तर दोन गोष्टी जुळून येतात. झुंजूमुंजू उजेडात लहान मासे उघडे पडतात आणि मोठे मासे शिकारीला किनाऱ्यालगत आलेले असतात.

सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही ठाऊक असू द्या. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. मधल्या दोन तासांत ओढ सर्वांत जास्त असते. तेव्हा हलकं शिसं तळाला टिकत नाही, दोर वाहून शेजाऱ्याच्या दोरात अडकतो. उधाणाला हे फार जाणवतं. मुंबईला उधाणाच्या भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर सहज जाते, गोव्याकडे पाण्याचा चढउतार साधारण दोन मीटरच असतो, रत्नागिरी या दोन्हींच्या मध्ये येते.

हंगाम आणि वारा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने धरा. पावसाळ्यानंतर खाडीचं पाणी हळूहळू निवळतं, आणि हिवाळ्यात पहाटे मतलई वारा असतो. तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी सपाट राहतं. आपली जेट्टी पश्चिमेला तोंड करून असेल तर वारा पाठीमागून येतो आणि फेक आपोआप लांब जाते. दहा-अकराच्या सुमारास खारे वारे सुटतात, पाण्यावर लाटा उठायला लागतात, दोर फुगतो आणि चावा कळेनासा होतो. पहाटे जायचं याचं हेही एक मोठं कारण आहे.

जून ते सप्टेंबर जेट्टीकडे फिरकू नका. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. बंदी नौकांवर असली तरी अंडी भरलेली मादी आपणही का मारावी? शिवाय त्या दिवसांत जेट्टीवरून उडणारी लाट माणूस ओढून नेते. ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या विजा असतात. लांब गडगडाट ऐकू आला तरी रॉड खाली ठेवा आणि निघा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, म्हणून वरून विजेच्या तारा गेलेल्या जागीही उभं राहू नका.

जायच्या आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा इशारा बघायची सवय लावा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर घरीच झोपा.

जागा

रत्नागिरीत पहिल्यांदा जायचं तर मी मांडवीची जेट्टी सांगेन. शेजारीच भाट्याची खाडी समुद्राला मिळते, काजळी नदीचं पाणी तिथे येतं. खाडीच्या तोंडाशी मासा येतो-जातो, तळ बराचसा वाळूचा आणि गाळाचा आहे, त्यामुळे गळ कमी अडकतात. संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. पहाटे मोकळीक मिळते.

मिरकरवाड्यासारख्या मोठ्या मासेमारी बंदरात नवशिक्याने जाऊ नये. पहाट ही तिथल्या कामाची वेळ असते. होड्या लागतात, मासळी उतरते, लिलाव चालतो, दोर-जाळी पसरलेली असतात. आपला छंद आणि त्यांची रोजीरोटी एकाच धक्क्यावर आली तर बाजूला व्हायचं ते आपणच. प्रवासी बोटी लागणाऱ्या जेट्टीवर आधी विचारून घ्या. नौदलाच्या, मोठ्या बंदरांच्या आणि सुरक्षा दलांच्या हद्दीत गळ टाकायचा विचारही नको. मालवणला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभा क्षेत्रात येतो. स्थानिकांना विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नका.

एक काम मात्र आधीच करून ठेवा. गरवायला जायच्या आठवडाभर आधी, पौर्णिमेला किंवा अमावास्येला, सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास जेट्टीवर नुसता फेरफटका मारा. उधाणाच्या त्या ओहोटीत तळ उघडा पडतो. खडक कुठे आहे, वाळूचा पट्टा कुठे, जुना दोरखंड नि तुटकी जाळी कुठे पडली आहे, खाडीची धार कुठून जाते, सगळं डोळ्यांनी दिसतं. मोबाइलवर फोटो काढा. आठवड्याने तिथेच पाणी भरलेलं असेल तेव्हा हे फोटो म्हणजे तुमचा नकाशा.

सामान

सात ते नऊ फुटांचा स्पिनिंग रॉड, ४००० आकाराचं रीळ आणि ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर. वेणीचा दोर पहिल्या वर्षी घेऊ नका. तो बारीक नि मजबूत असतो हे खरं, पण गुंता झाला तर अंधारात सुटत नाही आणि बोट कापतो. रॉड नको असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या रिळावर गुंडाळलेला पन्नास-साठ मीटर हातदोर पुरे. आमच्याकडची किती तरी माणसं आयुष्यभर हातदोरानेच गरवतात, आणि चावा ओळखायला बोटांइतकं चांगलं साधन नाही.

गळांच्या आकड्यांचा घोळ आधीच समजून घ्या. साध्या आकड्यांत आकडा वाढला की गळ लहान होतो. ८ नंबरचा गळ ४ नंबरपेक्षा लहान. आकड्यापुढे शून्य आलं की उलट, १/० पेक्षा ३/० मोठा. मुडदुशी आणि ढोम्यासाठी ६ किंवा ८, पालूसाठी ४ ते २, तांबोशी आणि गोबऱ्यासाठी १/० ते ३/०. ३० ते ६० ग्रॅमची शिशाची वजनं, थोड्या भिंगऱ्या, म्हणजे दुकानात ज्यांना स्विव्हल म्हणतात त्या, एक लांब तोंडाची पक्कड, कात्री, सुरी, जुना टॉवेल.

डोक्याला लावायचा टॉर्च हवाच, हात मोकळे राहतात. चपला घालून जाऊ नका. शेवाळावर पकड घेणारे बूट घाला. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घ्या. मोठा मासा वर घ्यायला लोखंडी कडीची जाळी दोराला बांधून न्या. आणि थर्मासमध्ये कढत पाणी. त्याचं कारण पुढे येईल.

आमिष

ताजी कोळंबी. बाकी सगळं तिच्यानंतर. आदल्या संध्याकाळी बाजारातून पावशेर लहान कोळंबी घ्या, डोकी न काढता ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा. पाण्यात बुडवून ठेवली तर वास धुऊन जातो आणि मांस फुसफुशीत होतं. लहान गळाला सोललेला अर्धा तुकडा, मोठ्या गळाला अख्खी कोळंबी शेपटीकडून ओवायची. गळाचं टोक किंचित बाहेर दिसलं पाहिजे. नवीन माणूस मोठं आमिष लावतो आणि मासा ते कडेकडेने खाऊन जातो.

शिंगाळे फार सतावत असतील तर माकुलाची, म्हणजे स्क्विडची, पट्टी लावा. चिवट असते, लवकर निघत नाही. तांबोशीला तारलीचा किंवा बांगड्याचा तुकडा आवडतो, लहान खेकडा मिळाला तर उत्तमच. बोय कोळंबीकडे बघतही नाही म्हटलं तरी चालेल. तिला कणकेची किंवा पावाची गोळी, अगदी लहान गळाला, पाण्याच्या वरच्या थरात.

गाठ घरीच शिका

काळोखात, वाऱ्यात, ओल्या हातांनी गाठ शिकता येत नाही. रात्री जेवण झाल्यावर दिव्याखाली बसून दहा वेळा बांधा. तंगुसाचं टोक गळाच्या नेढ्यातून आत घाला, मुख्य दोराभोवती पाच-सहा पीळ द्या, टोक परत नेढ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढा, मग झालेल्या मोठ्या वेढ्यातून ओवा. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडा तंगूस घासला की तापतो आणि नेमका गाठीपाशीच कमजोर होतो. हळूहळू आवळा, टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा, आणि गळ पकडीत धरून जोरात ओढून बघा. तुटायचं असेल तर घरी तुटू दे.

मांडणी साधी ठेवा. मुख्य दोरात भोकाचं शिसं ओवायचं, मग भिंगरी बांधायची, भिंगरीच्या दुसऱ्या कडीला हातभर तंगूस आणि त्याच्या टोकाला गळ. मासा आमिष ओढतो तेव्हा दोर शिशातून सरकतो, त्याला वजन जाणवत नाही. खडकाळ जागी मांडणी उलटी करा. शिसं तळाशी, त्याच्या वर दीड वीत सोडून गळाचा फाटा. शिसं बांधायला मुख्य दोरापेक्षा बारीक तंगूस वापरा. शिसं अडकलं तर तेवढंच तुटेल, गळ आणि मासा हाताशी येईल. असे चार-पाच जोड बांधून कागदाच्या पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा.

पहाटे पोहोचल्यावर

डिसेंबर-जानेवारीत रत्नागिरीला सात-सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो, फटफटायला त्याच्या पाऊण तास आधी लागतं. पाच-सव्वापाचला जेट्टीवर पोहोचा. एकट्याने जाऊ नका. घरी सांगून निघा, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि आपत्कालीन ११२ हे दोन आकडे पाठ असू द्या.

पोहोचल्या पोहोचल्या गळ टाकायची घाई नको. पाच मिनिटं उभे राहा. पाणी कुठल्या खांबापर्यंत आलंय, कोणत्या बाजूला वाहतंय, लाट पायऱ्यांच्या कितव्या टप्प्यावर फुटतेय ते बघा. खालच्या पायऱ्यांवर उतरू नका. त्या भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या पायऱ्या असतात, शेवाळाने गुळगुळीत, आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

आधीपासून कोणी बसलेलं असेल तर दहा-बारा पावलं लांब जागा घ्या. "काय मामा, गावतंय का काय?" एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. तळ कसा आहे, काल काय लागलं, आज पाणी कसं आहे, ही माणसं मोकळेपणाने सांगतात. फक्त त्यांच्या पाण्यात टॉर्च मारू नका. कोणी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकत असेल तर त्याच्या बाजूला गळ अजिबात नको. तुमचा गळ त्याच्या जाळ्यात अडकला तर त्याचं नुकसान तुम्हाला भरून देता येणार नाही.

हिवाळ्यात काही पहाटे पाण्यात निळसर चमक दिसते. सूक्ष्म जीवांमुळे ढवळलेलं पाणी उजळतं. दिसायला विलक्षण सुंदर, पण आपला दोरही त्यात उजळून निघतो आणि मासा बिचकतो. अशा वेळी दोर कमीत कमी हलवा, आणि उजेड पडायची वाट बघा.

फेक

नवीन माणसाला लांब फेकायची हौस असते. जेट्टीवर बऱ्याचदा मासा पायाखाली असतो. खांबांच्या सावलीत, कालवांच्या आसऱ्याला पालू, तांबोशी, गोबरे फिरत असतात. पहिला गळ सरळ खाली, खांबापासून हातभर अंतरावर सोडा. शिसं तळाला टेकलं की दोर सैल पडतो. मग दोन वळसे घेऊन दोर ताठ करा, इतकंच.

मुडदुशी हवी असेल तर वाळूच्या पट्ट्यावर फेकायला हवं. मागे माणूस आहे का बघा, मोठ्याने "मागे बघा" म्हणा, आणि मगच रॉड मागे न्या. रिळाची कमान उघडायची, दोर तर्जनीत धरायचा, रॉड डोक्यावरून पुढे आणताना तो समोर साधारण दहा वाजताच्या कोनात आला की बोट सोडायचं. ताकद लावायची गरज नाही, सोडण्याची वेळ साधली पाहिजे. पाण्यात पडल्यावर दोन-तीन मिनिटांनी वीतभर ओढून घ्या, पुन्हा थांबा. मुडदुशी सरकत्या आमिषामागे येते. पहिल्या दिवशी तीच गावण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि चवीलाही ती फार नाजूक असते.

होडी येताना दिसली की दोर गुंडाळून घ्या. होडीच्या पंख्यात तंगूस गेला तर तिचा खोळंबा होतो.

चावा

प्रत्येक माशाची खाण्याची तऱ्हा वेगळी. मुडदुशी टकटक करते, दोन-तीन झटपट ठोके. पालू आधी चाचपतो, थांबतो, मग एकदम ओढतो. शिंगाळा जड ओढ घेतो आणि बहुतेकदा स्वतःच अडकतो. दोर हळूहळू एका बाजूला सरकायला लागला, ठोका काहीच नाही, तर तो खेकडा समजा. गोबरा आणि तांबोशी मात्र आमिष तोंडात घेतात तेच खडकाकडे वळतात. तिथे थांबलात तर मासा बिळात आणि दोर खडकावर.

बाकी माशांना पहिल्या ठोक्याला झटका देऊ नका. रॉडचं टोक वाकलं आणि वाकलेलं राहिलं की मनगटाने उचला. रिळाचं ड्रॅग, म्हणजे दोर किती ताणावर सुटेल ते ठरवणारा स्क्रू, आधीच असं लावून ठेवा की हाताने नेटाने ओढल्यावर दोर सुटेल. तो तुटण्याइतका ताणावा लागू नये. मासा पळत असेल तर पळू द्या, थांबला की रॉड वर, मग खाली आणताना दोर गुंडाळा.

अर्ध्या किलोपर्यंतचा मासा दोरावर उचलता येतो. त्याहून मोठा असेल तर कडीची जाळी पाण्यात सोडा, मासा थकून आडवा झाल्यावर तिच्यावर आणा आणि दोघांनी मिळून वर घ्या. एकाने रॉड, दुसऱ्याने जाळी. वाकून, कठड्याबाहेर अंग काढून कोणी काही करायचं नाही. मासा सुटला तर सुटला.

हात लावण्याआधी ओळखा

हा भाग दोनदा वाचा. वर आलेल्या प्रत्येक माशावर आधी टॉर्च मारा, मग हात घाला.

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा असतो. काटे दातेरी आणि विषारी, घुसले तर वेदना खांद्यापर्यंत जातात. टॉवेलने पायाशी दाबून पकडीने गळ काढा. पाकटाच्या शेपटीवरचा काटा त्याहून वाईट. पाकट लागला तर तो वर घेऊच नका, दोर जवळून कापा. दोन्हींच्या विषावर पहिला उपाय गरम पाण्याचा आहे. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंत, जखमेचा भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. थर्मास त्यासाठी. पाणी आधी चांगल्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. नंतर डॉक्टरांकडे जाच, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

केंड वर आला की फुग्यासारखा फुगतो आणि मुलांना त्याची गंमत वाटते. तो खाऊ नका, कुत्र्या-मांजरालाही टाकू नका. त्याचं विष शिजवून जात नाही. वाम कडकडून चावते. आणि कधी कधी गळाला समुद्रसाप येतो. तो विषारी आहे आणि कायद्याने संरक्षितही आहे. दोर लांबूनच कापून त्याला पाण्यात जाऊ द्या.

ठेवायचा की सोडायचा

माशाच्या वाढीला वेळ द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. ते नियम मुख्यतः मासेमारी नौकांना समोर ठेवून केलेले असले तरी आपल्यालाही तोच विचार लागू आहे. वीतभर नसलेली तांबोशी, बोटाएवढा गोबरा, जिताड्याचं म्हणजे आपल्याकडच्या चोणकाचं पिल्लू सोडून द्या. हे मासे काही किलोंपर्यंत वाढतात.

सोडायचा मासा ओल्या हाताने धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो नंतर रोगाने मरतो. गळ खोल गिळला असेल तर उपटू नका, तोंडाजवळ दोर कापा. उंच जेट्टीवरून फेकून देण्यापेक्षा जाळीतून खाली पोहोचवा. गळाचं उलटं टोक घरीच पकडीने दाबून ठेवलं असेल तर हे सगळं सोपं जातं, आणि गळ स्वतःच्या बोटात गेला तरी सहज निघतो.

ठेवायचा मासा तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक जोरदार घाव घालून लगेच मारा, कल्ला कापून रक्त जाऊ द्या, आणि बर्फात थोडं समुद्राचं पाणी घालून त्यात बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा त्यात मासा लवकर थंड होतो आणि मांस घट्ट राहतं. सकाळी नऊच्या उन्हात बादलीत पडलेला मासा घरी पोहोचेपर्यंत मऊ पडतो, मग कितीही चांगला मसाला लावा.

आवरताना

पाणी फिरून तास-दीड तास झाला, चावे थांबले, की आवरायला लागा. तंगुसाचा प्रत्येक तुकडा गोळा करून घरी न्या. तो कुजत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, जेट्टीवर बगळे नि घारी असतात, आणि पायात किंवा मानेत अडकलेला तंगूस त्यांना हळूहळू मारतो. दुसऱ्याने टाकलेला दिसला तर तोही उचला. उरलेली कोळंबी जेट्टीवर सोडू नका, दुपारपर्यंत तिचा वास सुटतो आणि मग लोक गरवणाऱ्यांना हाकलायला लागतात. त्यांचं काही चुकत नाही. मासळीची आतडी तिथे काढली असतील तर बादलीभर पाणी ओतून जागा धुवा.

घरी आल्यावर आधी मासा साफ करा, मग रीळ. रीळ नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका, मीठ आत शिरतं. ड्रॅगचा स्क्रू घट्ट करून वरून हलकं गोडं पाणी शिंपडा, फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मग ड्रॅग सैल करून ठेवा. रॉडच्या कड्या बोटाने चाचपा, एखादीला चीर गेली असेल तर ती पुढच्या वेळी दोर कापेल. मुख्य दोराची शेवटची दोन-तीन मीटर लांबी खडकाला आणि कालवांना घासलेली असते, ती कापून टाका. वापरलेले गळ डब्यात परत टाकू नका. एक ओला गळ आठवड्याभरात डब्यातल्या सगळ्या गळांना गंज चढवतो.